बेअर शेवाला नवीन आलात? आधी ममाद बघून ठेवा

म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीच्या कामावर इथे, इस्रायलच्या दक्षिणेतल्या बेअर शेवा शहरात, येणाऱ्या माझ्या मराठी पोरापोरींनो, घरात शिरल्यावर बॅग उघडायच्या आधी विचारा, ममाद कुठंय? ममाद म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंतींची, लोखंडी दाराची खोली. जुन्या इमारतींत ती नसते. मग जवळचा मिकलात, म्हणजे सार्वजनिक बंकर, शोधा आणि आजोबांची व्हीलचेअर ढकलत एकदा तिथवर जाऊन या. गाझाकडून रॉकेट आलं तर भोंग्यानंतर या शहरात 60 सेकंद मिळतात.

मी अलिबागकडची. इथे तीस वर्षं झाली, त्यातली बरीच नर्स म्हणून गेली. हॉस्पिटलात पोचलो म्हणजे सुटलो, असं मलाही वाटायचं. 19 जून 2025 च्या सकाळी इराणचं क्षेपणास्त्र इथल्या सोरोका हॉस्पिटलच्या जुन्या सर्जरीच्या इमारतीवर पडलं. तिथले पेशंट आदल्याच दिवशी हलवले होते, म्हणून वाचले. सोरोकाच्या वॉर्डांत यहुदी, बेदुईन म्हणजे इथल्या वाळवंटातले अरब, रशियातून आलेले, सगळे शेजारी शेजारी पडलेले असतात. नेगेवमध्ये, म्हणजे या दक्षिणेकडच्या वाळवंटी भागात, एवढं मोठं दुसरं हॉस्पिटल नाही.

म्हणून पेशंटला नेलंत की नर्सला आधी सुरक्षित जागा विचारा. भोंगा झाला तर ती सांगेल तिकडे, खिडक्यांपासून लांब. पेशंटच्या औषधांच्या नावांची चिठ्ठी कायम पर्समध्ये हवी, कारण ऐनवेळी दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागू शकतं. त्या दिवसांत सोरोकाने जिवावरचं दुखणं नसेल तर येऊ नका असं सांगितलं होतं.

आणखी एक, हे मी मनापासून सांगते. गाझा इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. 23 मार्च 2025 ला गाझातल्या रफाहमध्ये इस्रायली सैनिकांच्या गोळीबारात अँब्युलन्स आणि मदतपथकांतली 15 माणसं गेली, त्यातली 8 रेड क्रेसेंटची, म्हणजे रेड क्रॉससारख्या मदत संस्थेची. ती आमच्याच पेशातली. 1949 च्या जिनिव्हा करारात जखमींना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना संरक्षण दिलंय, ते कुठल्या बाजूचे हे न बघता. कामाच्या घरी यावर वाद घालू नका, तुमची नोकरी त्यांच्या हातात आहे. पण दोन्हीकडच्या नर्ससाठी सारखंच वाईट वाटू द्या.

तुमचा विमा मालक काढतो. त्यात कुठलं क्लिनिक चालतं ते लिहून घ्या. अँब्युलन्सचा नंबर 101. शुक्रवारी दुपारनंतर बस बंद होतात, तेव्हा ही सगळी चौकशी गुरुवारपर्यंत उरका.