वाईत मुक्काम करायचा असेल तर

पुण्याहून महाबळेश्वरला जाणारी बहुतेक कुटुंबे वाईला फार तर चहापुरती थांबतात, ढोल्या गणपतीला हात जोडतात आणि पसरणीचा घाट चढू लागतात. माझे सांगणे नेमके उलटे आहे. हिवाळ्याच्या सुटीत मुक्काम वाईतच करावा आणि घाटावर जायचे असेल तर एखाद्या दिवसापुरते जाऊन यावे. कृष्णाकाठचे हे गाव दोन-तीन दिवस सहज पुरते, आणि घरात आजी-आजोबा व लहान मुले दोन्ही असतील तर दमछाक न होता जमणारी अशी सहल दुसरी मिळणे कठीण आहे.

पहिला निर्णय तारखांचा, आणि तो पंचांग पाहून घ्यावा. पौष पौर्णिमेला वाईजवळच्या मांढरदेवी येथे काळूबाईची मोठी यात्रा भरते; त्या दिवसांत वाईच्या रस्त्यांवर वाहनांची रीघ लागते, म्हणून यात्रेला जायचे नसेल तर ते दिवस टाळावेत. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात पसरणी घाटात गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात. एका वर्षी आम्ही हट्टाने त्याच आठवड्यात वर निघालो आणि सासूबाईंना गाडीत बसून बसून इतका त्रास झाला की पाचगणीला न पोहोचताच परत फिरलो. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे किंवा जानेवारीतील यात्रा सोडून उरलेले दिवस उत्तम. माघ-फाल्गुनात येणे शक्य असेल तर कृष्णाबाईचा उत्सव अवश्य गाठावा. तो गावातील निरनिराळ्या घाटांवर पाळीपाळीने साजरा होतो आणि अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसाशी त्याची परंपरा जोडली जाते.

वाई पुण्यापासून सुमारे 90 किलोमीटरवर आहे. बंगळूरु महामार्गाने खंबाटकी घाट ओलांडल्यावर सुरूर फाट्याला वळावे. स्वारगेटहून एसटीच्या गाड्याही मिळतात. खोली ठरवताना नदीचे दृश्य दिसते का, हे विचारण्याआधी तळमजल्यावर खोली आहे का, सकाळी गरम पाणी किती वाजल्यापासून येते आणि गाडी कोठे लावायची, हे तीन प्रश्न विचारावेत. जुन्या आळ्यांचे रस्ते अरुंद आहेत. सामानात स्वेटर, कानटोप्या आणि ज्येष्ठांसाठी शाल हवीच, कारण डोंगरांच्या कुशीतल्या या खोऱ्यात पहाट चांगलीच गार असते. दुपारी मात्र सुती कपडे पुरतात.

पहिली सकाळ घाटासाठी राखून ठेवावी आणि ऊन वर येण्याआधी गणपती आळीच्या घाटावर पोहोचावे. ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. दर्शन झाल्यावर मुलांना आवर्जून मंदिराच्या मागच्या बाजूस न्यावे. तेथील भिंत सरळ नाही. माशाच्या आकाराची, नावेच्या टोकासारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आदळून दोन्ही बाजूंना फुटावे. भिंतीला हात लावून, पाणी कोणत्या बाजूने येत असेल, हे मुलांनाच ओळखू द्यावे. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या मंदिरातील नंदी पाहून पायऱ्यांवर निवांत बसावे. पायऱ्या उतरणे ज्यांना जड जाते त्यांनी वरच्या अंगाला बसूनही सारा घाट दिसतो, त्यामुळे कोणालाही खोलीवर ठेवून येण्याची गरज नाही.

याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि येथील प्राज्ञपाठशाळेत विद्वानांच्या पिढ्या घडल्या. शाळकरी मुलांना हे जरूर सांगावे.

दुसरा दिवस मेणवलीचा. अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा ही खासगी मालमत्ता असल्याने तो आतून पाहता येईल का, याची चौकशी आधी करावी. एकामागून एक येणारे चौक आणि जुनी भित्तिचित्रे पाहायला मिळाली तर घाई करू नये. वाड्यामागील घाटावर एका लहानशा देवळीत पंचधातूची भली मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन नीट पाहिले की तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल दिसते. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतून ही घंटा आली असे मानतात. वसईच्या लढाईचा धडा वाचलेल्या मुलाला ती हाताने चाचपता येते, आणि मला वाटते, एवढ्याचसाठी ही सहल करावी.

तेथून पुढे धोम गाठावे. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. जवळच धोमचे धरण आहे. डबा सोबत असेल तर दुपारचे जेवण याच बाजूला सावली पाहून उरकावे. वाटेत गुऱ्हाळ चालू दिसले तर परवानगी विचारून थांबावे. उकळत्या काहिलीपासून मुलांना मात्र लांब ठेवावे.

तिसरा दिवस असेल तर प्रतापगड किंवा पाचगणी यांपैकी एकच निवडावे. दोन्ही एका दिवसात उरकण्याच्या नादात वयस्कर माणसांचे हाल होतात. प्रतापगड निवडल्यास पहाटे निघावे. 1659 मध्ये खान वाईहूनच तिकडे गेला, हे ठाऊक असले की रस्ताही पाहण्यासारखा होतो. गडाच्या पायऱ्या चढणे ज्यांना झेपणार नाही, त्यांच्यासोबत पायथ्याशी कोणी थांबायचे, हे आदल्या रात्रीच ठरवावे. पाचगणीला गेल्यास हंगामातील स्ट्रॉबेरी घ्यावी, पण ती उतरणीच्या वेळी, म्हणजे गाडीत चेपत नाही.

परतीचा दिवस रविवार असेल तर दुपारचे जेवण लवकर आटोपून निघावे; संध्याकाळी पुण्याच्या दिशेने महामार्गावर गाड्यांची गर्दी वाढत जाते आणि मुले अंधारात गाडीत कंटाळतात.