‘असणार’च्या जागी प्रश्नचिन्ह: टाळलेल्या कामाकडे कुतूहलाने कसे वळावे

एखादी ईमेल दोन दिवस न उघडता पडून राहते. पाठवणाऱ्याचे नाव दिसताच पोटात गोळा येतो, नजर खालच्या ओळीकडे वळते आणि आपण त्या मानाने बिनमहत्त्वाचे दुसरे काम हाती घेतो. त्या क्षणी जे हायसे वाटते, तिथेच खरी अडचण आहे. टाळल्याबरोबर बरे वाटते, आणि ज्याने बरे वाटते ते मन पुन्हा करू पाहते. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. शिवाय आपली भीती खरी होती की खोटी हे तपासले न गेल्यामुळे तिसऱ्या दिवशी तीच ईमेल पहिल्या दिवसापेक्षा जड वाटू लागते.

अशा वेळी धीर धरण्याचा सल्ला मला फारसा उपयोगी वाटत नाही, कारण धीर बोलावून येत नाही. कुतूहल मात्र जागे करता येते. अमेरिकी संशोधक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे जाणून घ्यावेसे वाटते त्यांतील फट लक्षात आली की कुतूहल निर्माण होते. भीती ही फट स्वतःच बुजवून टाकते: ‘साहेब चिडले असणार’, ‘माझी चूक सापडली असणार’. उत्तर आधीच ठरले असल्याने शोधण्यासारखे काही उरत नाही. म्हणून मुख्य काम म्हणजे मनातले हे सगळे ‘असणार’ कागदावर उतरवणे आणि प्रत्येकासमोर, पाहून उत्तर देता येईल असा एक प्रश्न लिहिणे.

त्याआधी भीतीचे नाव घ्यावे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोळ्याची भीती असलेल्या ८८ व्यक्तींचा समावेश होता. ज्यांनी कोळ्यासमोर आपली भीती स्पष्ट शब्दांत बोलून दाखवली, त्यांची शारीरिक प्रतिक्रिया आठवड्याभराने इतर गटांपेक्षा सौम्य आढळली. ‘मला या बैठकीची भीती वाटते आहे, छातीत धडधडते आहे,’ एवढे वाक्य पुरते. त्यावर स्वतःची समजूत घालण्याची गरज नाही.

एका अहवालातील बेरजेत आपल्याकडून चूक झाल्याचा संशय आल्यावर मी तो अहवाल आठ दिवस उघडला नव्हता. शेवटी लिहून काढले: एकूण आकडा चुकला असणार, सगळा तक्ता नव्याने करावा लागणार, वरिष्ठांचा विश्वास उडणार. शेजारी प्रश्न लिहिले: नेमकी कोणती ओळ चुकली आहे? दुरुस्तीला किती वेळ लागेल? या आकड्यावरून पुढे कोणी काही ठरवले आहे का? मग फक्त पहिल्या प्रश्नासाठी पंधरा मिनिटे ठरवून बसलो. बेरजेच्या सूत्रात तक्त्याची शेवटची ओळ धरलीच गेली नव्हती. म्हणजे चूक खरी होती आणि माझे पहिले भाकीत बरोबर निघाले. दुरुस्ती मात्र वीस मिनिटांत झाली. तिसऱ्या प्रश्नासाठी वरिष्ठांना फोन केला, तेव्हा पुढचा निर्णय अजून झालेला नव्हता. ते नाराज झाले, पण चुकीपेक्षा आठ दिवस न सांगितल्याबद्दल अधिक.

प्रश्नांची निवड करताना ‘का’ने सुरू होणारे प्रश्न बाजूला ठेवावेत. ‘मी नेहमी असा का वागतो?’ हा प्रश्न कुतूहलाचा वाटला तरी बहुधा स्वतःला दोष देण्याकडेच नेतो. कोणते, किती, केव्हा, कोणाला, हे शब्द हाताशी ठेवावेत. दुसऱ्याला विचारतानाही हेच लागू पडते: ‘माझे काम कसे वाटले?’ असे विचारून धास्तावत बसण्यापेक्षा ‘या मसुद्यातील कोणता भाग मी आधी सुधारावा?’ असे विचारल्यास समोरच्यालाही नेमके उत्तर देणे सोपे जाते.

येथे एक धोका आहे. अवघड फोन करण्याऐवजी त्या विषयावर तासन्‌तास वाचत बसणे हेदेखील टाळणेच आहे. म्हणून प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर ती ईमेल उघडल्याशिवाय, तो फोन केल्याशिवाय मिळणारच नाही.

भीतीला ठोस कारण असेल, म्हणजे कोणी वारंवार अपमान करत असेल किंवा त्रास देत असेल, तर कुतूहलाचा हा मार्ग तेथे लावू नये. घटनांची तारीखवार नोंद ठेवावी आणि तक्रार ऐकून घेण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीकडे जावे. धास्तीमुळे आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी.

काम संपल्यावर कागद फेकू नये. प्रत्येक ‘असणार’समोर प्रत्यक्षात काय झाले ते एका ओळीत लिहावे, खरे ठरलेले भाकीतही प्रामाणिकपणे नोंदवावे, आणि पुढची न उघडलेली ईमेल समोर आली की आधी हा कागद काढून वाचावा.