लूव्र संग्रहालयात एक दिवस : नाशिकहून जाणाऱ्या पर्यटकांनी या चुका टाळाव्यात

मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकहून युरोपला निघणाऱ्या सहलींत पॅरिसच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात आणि त्यांतले काही तास लूव्र संग्रहालयाला मिळतात. एवढ्या वेळात सगळे लूव्र पाहून होईल, अशी अपेक्षा बाळगून आत जाणारा माणूस संध्याकाळी पाय दुखत आणि मोबाइल छायाचित्रांनी भरून बाहेर पडतो, पण त्याला विचारले तर एकही कलाकृती नीट आठवत नाही. संग्रहालयात सुमारे 35,000 वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीसमोर अर्धा मिनिट थांबायचे म्हटले, तरी 290 तासांहून अधिक वेळ लागेल. त्यामुळे काय पाहायचे याआधी काय सोडायचे हे ठरवावे लागते, आणि ते घरी बसूनच ठरवावे.

ही वास्तू मुळात संग्रहालयासाठी बांधलेली नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. बाराव्या शतकाच्या अखेरीस राजा फिलिप ऑगस्ट याने येथे किल्ला उभारला, पुढच्या राजांनी त्याचा राजवाडा केला आणि क्रांतीनंतर 10 ऑगस्ट 1793 रोजी तो संग्रहालय म्हणून जनतेसाठी खुला झाला. राजवाड्याच्या दालनांतून फिरताना सरळ वाट अशी नसतेच. जिने मध्येच संपतात, एका मजल्यावरून पलीकडे जाण्यासाठी कधी खाली उतरून पुन्हा वर चढावे लागते.

बुकिंग करताना होणाऱ्या चुका

सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'लूव्र' हा शब्द दिसला की आत प्रवेश आहे, असे अनेक जण गृहीत धरतात. प्रत्यक्षात पुष्कळ कार्यक्रमांत तो केवळ 'फोटो स्टॉप' असतो. बस थांबते, आय. एम. पेई यांनी रचलेल्या आणि 1989 मध्ये खुल्या झालेल्या काचेच्या पिरॅमिडसमोर सर्वांची छायाचित्रे होतात आणि बस निघते. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत : प्रवेश तिकीट अंतर्भूत आहे का, आत किती वेळ मिळणार आहे, आणि गट बाहेर पडल्यावर आपल्याला मागे थांबता येईल का. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर कार्यक्रमातील मोकळ्या दिवसाचे तिकीट स्वतः काढावे. माझ्या मते हा दुसरा मार्गच अधिक चांगला आहे, कारण गटाबरोबर धावताना थांबण्याचा निर्णय आपल्या हाती राहत नाही.

मंगळवारी लूव्र बंद असते. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत, तर इतर दिवशी संध्याकाळी सहापर्यंत उघडे असते. निवड आपल्या हाती असेल, तर बुधवारी किंवा शुक्रवारी दुपारनंतर जावे. सकाळचे सहलगट तोवर पांगू लागलेले असतात.

तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते. अनेक संग्रहालयांसाठी मिळून चालणारा पॅरिसचा म्युझियम पास हाती असला, तरी लूव्रसाठी वेळ वेगळी आरक्षित करावीच लागते, आणि 'रांगेशिवाय प्रवेश' असे लिहिलेल्या महागड्या तिकिटानेसुद्धा सुरक्षा तपासणीची रांग चुकत नाही. तिकीट संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. जानेवारी 2026 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील प्रौढांसाठी दर 32 युरो करण्यात आला आहे, त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकांनी सांगितलेल्या रकमेवर हिशेब करू नये. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असला, तरी त्यांच्यासाठीही वेळ आरक्षित करावी आणि वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

एक गोष्ट जवळपास सगळेच विसरतात. लूव्रची सर्व दालने रोज उघडी नसतात. कोणत्या दिवशी कोणती दालने बंद राहतील याचे वेळापत्रक संकेतस्थळावर असते आणि ते न पाहता गेल्यास, ज्यासाठी आपण इतक्या दूर आलो त्या दालनाच्या दारातूनच परत फिरण्याची वेळ येऊ शकते. एखादे चित्र दुसऱ्या प्रदर्शनासाठी बाहेर गेलेले असण्याचीही शक्यता असते.

मोनालिसाच्या दालनात

लूव्रच्या तीन विभागांपैकी दनों या विभागातील पहिल्या मजल्यावरच्या 711 क्रमांकाच्या दालनात मोनालिसा आहे. चित्र फक्त 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद आहे, काचेच्या मागे आहे आणि कठड्यामुळे प्रेक्षक त्याच्यापासून बराच दूर राहतो. हात उंचावलेल्या मोबाइलच्या गर्दीतून पुढे सरकत जायचे, छायाचित्र काढायचे आणि बाजूला व्हायचे, असा तिथला प्रकार असतो. ते चित्र पाहू नये, असे मुळीच म्हणायचे नाही. मात्र दिवसाचा सर्वांत ताजा तास त्या रांगेत घालवणे आणि लगेच त्या दालनातून निघून जाणे, ही लूव्रमधली सर्वांत मोठी चूक आहे.

मोनालिसा पाहून झाल्यावर तिच्याकडे पाठ करून उभे राहावे. समोरच्या भिंतीवर इटालियन चित्रकार पाओलो वेरोनेझेचे 1563 मध्ये पूर्ण झालेले 'काना येथील लग्नसमारंभ' हे चित्र आहे. ते जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच असून व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी रंगवलेले होते. 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते पॅरिसला आणले. लग्नातल्या मेजवानीत मद्य संपते आणि येशू पाण्याचे मद्य करतो, ही बायबलमधील कथा त्यात आहे. पाहण्याची सुरुवात मधोमध बसलेल्या येशूपासून करावी, मग त्याच्या डोक्यावरच्या सज्जात मांस कापणाऱ्या माणसाकडे पाहावे. समोर वादक बसले आहेत आणि त्यांच्यापुढच्या मेजावर वाळूचे घड्याळ ठेवलेले आहे. ज्यांचे लग्न ते वधूवर मात्र डाव्या टोकाला, सहज नजरेतून निसटतील असे बसले आहेत, आणि उजवीकडे एक सेवक मोठ्या रांजणातून ओततो आहे. चमत्कार घडून गेला आहे, पण पंगतीतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही. हे सर्व उलगडायला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. बसायला जागा मिळाली तर अधिक.

जे तिथे नाही ते शोधणे

वॅन गॉग आणि मोने यांची प्रसिद्ध चित्रे लूव्रमध्ये शोधत फिरणारे पुष्कळ भेटतात. लूव्रमधील चित्रसंग्रह ढोबळमानाने 1848 च्या सुमारास थांबतो आणि तेथून 1914 पर्यंतचा काळ नदीपलीकडच्या ओर्से संग्रहालयात आहे. ओर्से सोमवारी बंद असते. भारतीय शिल्पांची अपेक्षा धरून गेल्यासही निराशा होते, कारण लूव्रमधील आशियाई संग्रह 1945 मध्ये पॅरिसमधल्याच गिमे संग्रहालयाकडे सोपवण्यात आला. मथुरा, गांधार आणि चोळ परंपरेतली शिल्पे पाहायची असतील, तर त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढावा.

आवडीचे तीन टप्पे आधीच ठरवावेत

एका दिवसात मोनालिसाच्या दालनाखेरीज दोन, फार तर तीन ठिकाणे नीट पाहता येतात, असे माझे मत आहे. नाशिककरांसाठी त्यातले एक मी आग्रहाने सुचवीन : रिशेल्यू विभागातील 227 क्रमांकाच्या दालनातला, प्राचीन बॅबिलोनचा राजा हामुराबी याचा शिलास्तंभ. निघण्यापूर्वी एका सकाळी पांडवलेणीच्या तिसऱ्या लेण्यात जाऊन यावे. तिथल्या ओसरीत गौतमी बलश्रीने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, गौरवार्थ कोरवलेला प्राकृत लेख आहे. लिपी वाचता येत नसली, तरी राजसत्ता दगडात आपले म्हणणे कसे कोरून ठेवते हे त्या ओळींसमोर उभे राहिल्यावर जाणवते. हीच नजर घेऊन हामुराबीच्या सव्वादोन मीटर उंच काळ्या बेसॉल्टसमोर जावे. वर सिंहासनावर सूर्यदेव शमश बसला आहे, त्याच्यासमोर राजा आदराने उभा आहे आणि खाली बारीक कीलाक्षरांत कायदे कोरले आहेत. दर्शनी बाजूच्या खालच्या भागात काही ओळी घासून गुळगुळीत केलेल्या दिसतात. हा स्तंभ इ. स. पूर्व बाराव्या शतकात एलामच्या राजाने लूट म्हणून आजच्या इराणमधील सुसा येथे नेला आणि त्या ओळी तिथे खोडल्या गेल्या. फ्रेंच उत्खननात तो 1901-02 च्या सुमारास सापडला. मोनालिसाच्या तुलनेत येथे गर्दी फारच कमी असते.

त्याच विभागात दुसऱ्या मजल्यावर डच चित्रकार व्हर्मीरचे 'लेस विणणारी' हे चित्र आहे. ते जेमतेम 24 सेंटिमीटर उंच असल्याने घाईत हमखास सुटते. उशीतून बाहेर आलेले तांबडे आणि पांढरे धागे जवळून पाहावेत. ते रेखलेले नसून ओघळलेल्या रंगासारखे दिसतात.

थकवा, सामान आणि चुकामूक

55 × 35 × 20 सेंटिमीटरहून मोठी बॅग आत नेता येत नाही, त्यामुळे हॉटेल सोडण्याच्या दिवशी सुटकेस घेऊन जाऊ नये. दालनांत खाण्यास मनाई आहे. बरोबर घेतलेले ठेपले किंवा चिवडा प्रवेशापूर्वी शेजारच्या ट्यूलरी बागेतल्या बाकावर संपवावा. एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येईल, असेही धरून चालू नये. खिसेकापूंचा त्रास इथे जुना आहे आणि एप्रिल 2013 मध्ये त्याच कारणासाठी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवल्यामुळे संग्रहालय एक दिवस बंद राहिले होते. पर्स पुढे धरावी आणि मोबाइल मागच्या खिशात ठेवू नये.

आईवडील बरोबर असतील, तर ओळखपत्र ठेवून चाकांची खुर्ची विनामूल्य घेता येते. चालता येणाऱ्यांनीही संकोच न करता ती घ्यावी, कारण दगडी फरशीवर तासन्‌तास उभे राहणे चालण्यापेक्षा जड जाते.

वाट चुकल्यास माणसांच्या ओघाबरोबर जाऊ नये, कारण तो ओघ बहुधा मोनालिसाकडेच निघालेला असतो. दाराजवळचा दालन-क्रमांक पाहून तो नकाशावर शोधावा. चुकामूक झाल्यास 'पिरॅमिडखाली भेटू' एवढे सांगणे पुरत नाही. ते सभागृह प्रचंड आहे आणि दनों, स्युली व रिशेल्यू या तिन्ही विभागांच्या वाटा तिथूनच फुटतात. 'रिशेल्यू अशी पाटी असलेल्या सरकत्या जिन्यापाशी' असे नेमके ठिकाण ठरवावे. दालने रिकामी करण्यास बंद होण्याच्या अर्धा तास आधीच सुरुवात होते, म्हणून सहाला बंद होणाऱ्या दिवशी भेटण्याची वेळ साडेपाचची ठेवावी.