आरटीजीएस, एनईएफटी करताना: नाव नव्हे, नंबर तपासा

आरटीजीएस आणि एनईएफटी म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवण्याच्या सेवा. फ्लॅटचा हप्ता किंवा गाडीचे पैसे, रक्कम 2 लाख किंवा जास्त असेल आणि लगेच पोचायला हवी असेल तर आरटीजीएस करा. एनईएफटीला किमान मर्यादा नाही, पण ती दर अर्ध्या तासाच्या बॅचने जाते. दोन्ही सेवा ऑनलाइन चोवीस तास, रविवारीही चालतात. शाखेतून फॉर्म भरणार असाल तर मात्र बँकेची वेळ पाळावी लागते.

खरी चूक होते ती खाते क्रमांकात. पैसे जमा होतात ते फक्त नंबर बघून. फॉर्मवरचं नाव जुळतंय का, हे समोरची बँक पाहत नाही. एक आकडा चुकला आणि त्या नंबरचं खातं अस्तित्वात नसेल, तर रक्कम परत येते. असेल, तर ती तिऱ्हाइताकडे जाते आणि त्याच्या संमतीशिवाय सोडवणं फार जड जातं. म्हणून नंबर तोंडी घेऊ नका, पासबुक किंवा रद्द चेकवरून उतरवा. लाभार्थी जोडताना खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय आहे, ती वापराच. आधी 1 रुपया पाठवून समोरच्याला विचारलं तर आणखी उत्तम.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, 11 अक्षरी असतो. पाचवी जागा शून्याची. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकू नका.

पाठवल्यावर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, जपून ठेवा, तक्रार त्यावरच चालते. पैसे येणार असतील तर नाव, खाते क्रमांक, आयएफएससी एवढंच द्या. ओटीपी कधीच लागत नाही. आणि स्क्रीनशॉटवर माल सोडू नका, स्वतःच्या खात्यात जमा दिसू दे.