कीटकनाशकाचा पेशंट: ट्रॉली आत येण्याआधी

ऑक्सिजन, सक्शन, मॉनिटर, दोन आयव्ही लाइन, हे सांगायला नको. हातमोजे मात्र नायट्राइलचे घ्या, लेटेक्समधून हे विष (ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं कीटकनाशक) झिरपतं.

अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, मोजा. ‘आहे भरपूर’ यावर विसंबू नका, ट्रे उघडून एकेक अ‍ॅम्प्यूल मोजा. मागच्या वेळी हेच राहिलं होतं. हिशेब करून बघा: अ‍ॅम्प्यूल 0.6 मिलिग्रॅमचं असेल, तर 3 मिलिग्रॅमच्या पहिल्या डोसला 5 लागतात. छाती साफ झाली नाही तर दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट, म्हणजे आधी 10, मग 20. दहा मिनिटांत 35 अ‍ॅम्प्यूल फुटलेली असतात, आणि तोवर नेहमीचा ट्रे कधीच रिकामा झालेला असतो. म्हणून आधीच स्टोअरमधून मागवा आणि फोडायला एक माणूस फक्त त्याच कामाला लावा.

ओळखायचं कसं? डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, घामाने भिजलेलं अंग, पोटरीचे स्नायू नुसते फडफडतायत. नाडी मंदच हवी असा हट्ट नको, ती कधी जोरातही असते. कोलिनेस्टरेजच्या (हे विष ज्याला बंद पाडतं त्या एन्झाइमच्या) रिपोर्टची वाट बघत बसू नका. विषाची बाटली मात्र मागवा. पॅराक्वाट, म्हणजे तणनाशक, निघालं तर सगळंच बदलतं, तिथे गरज नसताना ऑक्सिजन देणं घातक.

कपडे काढा, पिशवीत बांधा, अंग साबणाने धुवा. केस आणि नखं विसरू नका.

डोस देताना बाहुल्या बघत बसू नका, स्टेथोस्कोप छातीवर ठेवा. घरघर थांबली, काख कोरडी झाली, नाडी 80 च्या वर गेली, की पुरे. ऑक्सिजन मिळेपर्यंत अ‍ॅट्रोपिन द्यायचं नाही, हा जुना समज डोक्यातून काढा. आणि अ‍ॅम्प्यूल पुन्हा मोजा, कारण पुढे एकूण डोसच्या 10 ते 20 टक्के दर तासाला चालू ठेवायचे आहेत.

पोट धुणं सरसकट नाही. तास-दोन तासांत आला असेल आणि श्वासनलिका सुरक्षित असेल तरच. श्वासनलिकेत ट्यूब टाकताना सक्सिनिलकोलिन (स्नायू सैल करणारं औषध) टाळा. प्रालिडॉक्सिम, हा दुसरा उतारा, स्थानिक प्रोटोकॉलप्रमाणे. झटके आले तर डायझेपाम. ताप, बडबड, पोटाचे आवाज बंद: अ‍ॅट्रोपिन जास्त झालं, थांबवा. 24 ते 96 तासांत उशीवरून मान उचलता येते का ते बघत राहा, नाही आली तर श्वास जाणार आहे. सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा.