अल्ट्रासोनिक थिकनेस गेज: कॅलिब्रेशन कसं करायचं आणि रीडिंगवर विश्वास कधी ठेवायचा

थिकनेस गेज खरं तर फक्त वेळ मोजतो. प्रोबमधून (पृष्ठभागावर टेकवायचा सेन्सर) आवाजाची पल्स, म्हणजे छोटासा ठोका, स्टीलमध्ये जाते, मागच्या पृष्ठभागावर आपटून परत येते, त्या वेळेला आपण सेट केलेल्या व्हेलॉसिटीने (त्या धातूत आवाज जाण्याचा वेग) गुणायचं आणि निम्मं करायचं, तोच आकडा स्क्रीनवर दिसतो. १० मिमी प्लेटमध्ये हा जायचा-यायचा प्रवास साधारण ३.४ मायक्रोसेकंदात उरकतो, त्यामुळे सेटिंग जरा जरी चुकलं तरी आकडा लगेच हलतो.

कार्बन स्टीलला व्हेलॉसिटी साधारण ५९२० मीटर प्रति सेकंद धरतात. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला ती कमी असते, त्यामुळे कार्बन स्टीलच्याच सेटिंगवर स्टेनलेस मोजलं तर जाडी जास्त दिसते, आणि जास्त दिसणं हेच धोक्याचं, कारण झिजलेला पाइप ठणठणीत वाटतो.

आधी प्रोब झीरो करा, म्हणजे खुद्द प्रोबमध्ये जाणारा वेळ मोजणीतून वगळा. बऱ्याच गेजवर त्यासाठी छोटी डिस्क असते, तिच्यावर कपलंटचा (प्रोब आणि धातूमधली हवा घालवून आवाज आत जाऊ देणारं जेल किंवा द्रव) एक थेंब टाकून प्रोब दाबायचा आणि झीरो घ्यायचा. प्रोब बदलला किंवा घासून झिजला की हे परत करायचं. मग स्टेप ब्लॉक (माहीत असलेल्या जाडीच्या पायऱ्यांचा ठोकळा) घ्या, जो मटेरियल मोजणार त्याच मटेरियलचा. दोन स्टेप निवडा, एक अपेक्षित जाडीपेक्षा पातळ, एक जाड. समजा ८ मिमीच्या आसपास मोजायचंय तर ५ आणि १० घ्या, पातळवर झीरो अ‍ॅडजस्ट करा, जाडवर व्हेलॉसिटी, आणि परत पातळवर या कारण एक हलवलं की दुसरं थोडं सरकतं. दोन्ही बरोबर दाखवेपर्यंत असं मागेपुढे करत राहायचं, इथे घाई नको.

आता जॉबवर, म्हणजे प्रत्यक्ष मोजायच्या पाइप-प्लेटवर. सुटा गंज आणि पोपडे ब्रशने काढा, कपलंट लावा, प्रोब सपाट आणि सारखा दाबून धरा. पाइपवर ड्युअल प्रोबची (पाठवणारा आणि घेणारा असे दोन भाग असलेला प्रोब) मधली रेघ पाइपच्या लांबीला आडवी ठेवा. आकडा नाचत असेल तर आत पिटिंग (गंजाने पडलेले खड्डे) असू शकतं, मग प्रोब थोडा फिरवून सगळ्यात कमी आलेलं स्थिर रीडिंग लिहा, सरासरी काढत बसू नका.

पेंटची भानगड वेगळी. पेंटमध्ये आवाज स्टीलपेक्षा बराच सावकाश जातो, म्हणून साध्या मोडमध्ये पेंटचा थर स्वतःच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट भर घालतो. एको-टू-एको मोड (मागच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या दोन लागोपाठच्या प्रतिध्वनींमधला वेळ मोजून पेंट वगळणारा) असेल तर तो वापरा, नाहीतर तेवढ्या जागेचा पेंट काढा. अगदी पातळ पत्र्यावर, प्रोबच्या रेंजच्या खाली गेलात की काही वेळा सरळ दुप्पट आकडा येतो, २ मिमीची जाडी ४ दाखवली तर दचकू नका, पण तसंच लिहूनही टाकू नका, त्या रेंजचा प्रोब लावून परत बघा. उलट एखाद्या ठिकाणी अचानक निम्मं आलं तर प्लेटमध्ये लॅमिनेशन (आतल्या आत थर सुटणं) असू शकतं, आजूबाजूला अजून पॉइंट घ्या.

गरम स्टीलमध्ये आवाज हळू जातो, दर ५५ डिग्री सेल्सियसला साधारण १ टक्का फरक पडतो आणि जाडी जास्त दिसते. शिवाय साधा प्रोब गरम जॉबवर खराब होतो, तिथे हाय टेंपरेचर प्रोब आणि कपलंट लागतं.

काम चालू असताना मधून मधून आणि शेवटी ब्लॉकवर चेक करा. तिथे आकडा सरकलेला दिसला तर आधीच्या बरोबर चेकनंतरची सगळी रीडिंग परत घ्यायची.