गालाचं हाड मोडलंय? ‘प्लेटा किती?’ हा प्रश्न नंतरचा

इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्याजवळ भाच्याच्या गालावर कुणाचं तरी कोपर बसलं. चौथ्या दिवशी सूज उतरली आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. चुकलो ते तिथेच. सुजेमुळे गाल भरलेला दिसतो. ती उतरली की खचलेलं हाड कळतं. पोहे कसेबसे जात होते, जिलबीला मात्र तोंड उघडेना. आम्ही जबड्यावर संशय घेत बसलो. प्रत्यक्षात गालाच्या हाडाची कमान आत दबून जबड्याची हालचाल अडवत होती.

मग ऑपरेशनवर घरात वाद. काकांचं म्हणणं, हाड धातूच्या पट्टीने जोडायचं प्लेटवालं ऑपरेशन महाग म्हणजे चांगलं. ताईला चेहऱ्यावर चिरा नको. तुलना दोघांचीही चुकीचीच.

१९२७ मध्ये मांडलेल्या गिलीज पद्धतीत कानशिलावर, केसांच्या आत छोटा छेद देतात, तिथून अवजार सरकवून हाड उचलतात. प्लेट नाही. नुसती कमान दबली असेल तर बहुतेकदा एवढ्यावर भागतं. पण हाड अनेक सांध्यांतून निखळलं किंवा चुरलं असेल, तर उचललेलं पुन्हा खचू शकतं. तिथे टायटॅनियमच्या प्लेटा हव्यात. कधी वरच्या ओठाच्या आतून लावलेली एकच पुरते, कधी भुवईच्या बाहेरच्या टोकाशी दुसरी, डोळ्याखालच्या कडेला तिसरी. प्रत्येक जागेसाठी छेद वाढतो, आणि खालच्या पापणीचा छेद कधी पापणी खाली ओढतो. म्हणून डॉक्टरांना विचारावं, ‘उचललेलं हाड जागेवर राहील का?’ याचं उत्तर सीटी स्कॅन बघून मिळतं, साध्या एक्स-रेवर विसंबू नये. हाड सरकलंच नसेल, तर ऑपरेशनही लागत नाही.

सूज उतरेपर्यंत थांबणं ठीक, पण साधारण दोन आठवड्यांच्या आत निर्णय व्हावा. तीन आठवड्यांनंतर हाड वाकडं जुळू लागतं, मग ते पुन्हा कापून बसवावं लागतं.

गाल, वरचा ओठ बधिर असेल तर ऑपरेशनआधीच नोंदवून घ्या, नाहीतर नंतर सगळा दोष सर्जनच्या माथी. बधिरपणा जायला महिने लागू शकतात.

डोळा पुढे आल्यासारखा वाटला, तीव्र दुखू लागला किंवा नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच इस्पितळ गाठा.

आणि नाक शिंकरू नका. भाच्याच्या नाकात गुलाल गेला होता; त्याने त्याच संध्याकाळी जोर लावला. सायनसमधली, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीतली हवा कातडीखाली शिरली, पापणी टम्म फुगली, आणि बोट लावलं की करकरायची.